तुमची श्रद्धा कशाने खोटी ठरेल?

तळटीप

"देव आहे का" या विषयावर या मंचावर चर्चेच्या धाग्यांची कमतरता नाही, आणि ते सगळे शेवटी एकमेकांची अक्कल काढण्यावर येऊन बंद पडतात. मला तो वाद नको आहे. मी नास्तिक आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी छुपा अजेंडा शोधायला नको. विचारायचं आहे ते एवढंच: जगात नेमकं काय घडलं, किंवा काय घडायचं राहिलं, तर तुम्ही म्हणाल की माझी श्रद्धा चुकीची होती?

हे सुचलं दोन जुन्या हकिगती शेजारी शेजारी ठेवल्यावर.

पहिली खगोलशास्त्रातली. युरेनस गणिताप्रमाणे चालत नव्हता. उर्बें ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने कागदावर हिशेब मांडला आणि सांगितलं, पलीकडे आणखी एक ग्रह असला पाहिजे, अमुक ठिकाणी बघा. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गालेने दुर्बीण वळवली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. ल व्हेरिएचा दबदबा केवढा वाढला असेल! पुढे बुधाच्या कक्षेतही थोडी गडबड दिसली. १८५९ मध्ये त्याच माणसाने त्याच पद्धतीने सांगितलं की बुधाच्या आत, सूर्याजवळ काहीतरी फिरत असणार. त्याचं नावही ठरलं, व्हल्कन. एका हौशी निरीक्षकाने तो सूर्यबिंबावरून सरकताना पाहिल्याचं कळवलं. १८७८ च्या खग्रास ग्रहणात दोन अनुभवी खगोलज्ञांना तो "दिसला"सुद्धा, फक्त दोघांनी सांगितलेल्या जागा जुळेनात. नंतरच्या ग्रहणांत फोटो काढले, त्यांत काही आलं नाही. शेवटी १९१५ मध्ये आइन्स्टाइनने दाखवलं की बुधाच्या कक्षेतला शतकाला ४३ आर्कसेकंदांचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तो फरक कुठल्या ग्रहामुळे पडत नाही, गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांतच सुधारावा लागतो. व्हल्कन गेला.

दुसरी अमेरिकेतली. विल्यम मिलर या उपदेशकाच्या मागे असलेल्या हजारो लोकांची खात्री पटली होती की २२ ऑक्टोबर १८४४ ला ख्रिस्त परत येणार. काहींनी शेतातलं पीक तसंच उभं सोडलं. २३ तारीख उजाडली. बरेच जण निराश होऊन बाहेर पडले. पण एका गटाने ठरवलं की तारीख बरोबरच होती, घटना स्वर्गात घडली, म्हणून आपल्याला दिसली नाही. त्यातूनच पुढे १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च उभं राहिलं. आज त्याचे दोन कोटींहून जास्त सदस्य आहेत.

मिलरच्या लोकांना हसायला हे लिहीत नाहीये. त्यांनी निदान तारीख तरी दिली होती. बहुतेक श्रद्धा तेवढंही करत नाहीत. प्रार्थना फळली तर त्याची कृपा, नाही फळली तर त्याची इच्छा, उलटंच झालं तर आपली परीक्षा. तिन्ही निकालांना उत्तर आधीच तयार असेल तर त्या उत्तरातून जगाबद्दल कळलं काय?

निवांत

जागा धरून ठेवतोय. शंभर प्रतिसाद नक्की.

सांजवेळ

प्रश्न नीट विचारलाय म्हणून उत्तर देते. तुम्ही गृहीत धरताय की श्रद्धा म्हणजे एक कच्चा सिद्धांत, पुरावा मिळेपर्यंत कसाबसा धकवलेला. माझ्यासाठी तसं नाहीच. देव हा जगातल्या वस्तूंच्या यादीतली आणखी एक वस्तू नाही, की दुर्बीण लावली आणि सापडला. या सगळ्याला अर्थ आहे आणि मी त्यात एकटी नाही, असं धरून जगणं म्हणजे माझी श्रद्धा. आईच्या मायेचा पुरावा मागून कोणी मोठं होतं का?

तळटीप

सांजवेळ, आईचं उदाहरण प्रत्येक वादात येतं आणि प्रत्येक वेळी माझ्याच पारड्यात पडतं. आई आहे की नाही यावर भावंडांत मतभेद नसतात. तिची माया वर्षानुवर्षं वागण्यातून दिसत असते. आणि जिथे दिसत नाही तिथे मोठेपणी मुलं सांगतातही, की आईचा माझ्यावर जीव नव्हता. म्हणजे हा विश्वास खोटा ठरू शकतो. म्हणून तर खरा ठरला की त्याला किंमत.

"जगाला अर्थ आहे असं धरून जगणं" एवढंच असेल तर आपलं भांडणच मिटलं. पण तुम्ही तेवढंच मानता का? देव ऐकतो, मदत करतो, मेल्यावर काहीतरी उरतं, हेही मानत असाल तर ती जगाविषयीची विधानं झाली. वादात निर्गुण निराकार आणि संकटात हाकेला धावणारा, अशी सोय मला तरी पटत नाही.

सांजवेळ

हाक ऐकतो असं मानते. लपवायचं काय त्यात.

स्टेथो

हाकेचा परिणाम मोजायचे प्रयत्न झालेत, म्हणून मध्ये बोलतो.

फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७२ मध्ये एक साधा मुद्दा काढला. राजांच्या दीर्घायुष्यासाठी देशभर जाहीर प्रार्थना होतात, मग ते इतर सुखवस्तू लोकांपेक्षा जास्त जगतात का? त्याच्या तक्त्यात राजेच सगळ्यांत कमी जगलेले निघाले. ही काही शिस्तीतली चाचणी नव्हे, राजांच्या मरणाची कारणंही निराळी असतात, आणि मनापासून प्रार्थना किती जण करत होते कोण जाणे.

शिस्तीतली चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतली सहा रुग्णालयं, बायपास झालेले १८०२ रुग्ण, तीन गट. पहिल्या दोन गटांना सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. प्रत्यक्षात एकासाठी झाली, दुसऱ्यासाठी नाही. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झालेले रुग्ण: प्रार्थना झालेल्या गटात ५२ टक्के, न झालेल्या गटात ५१ टक्के. तिसऱ्या गटासाठी प्रार्थना झाली आणि त्यांना तसं खात्रीने सांगितलंही होतं. त्यांच्यात ५९ टक्के. त्या ५९ वर मी उड्या मारणार नाही. कदाचित "एवढी प्रार्थना लागतेय म्हणजे माझं काही खरं नाही" असं दडपण आलं असेल, कदाचित निव्वळ योगायोग असेल. पण फायदा दिसला नाही हे स्पष्ट आहे. पैसा मुख्यतः टेम्पलटन फाउंडेशनचा होता, आणि ती संस्था धर्माकडे सहानुभूतीने बघणारी आहे. नास्तिकांचा कट म्हणायची सोय नाही.

अबोली

देवाला परीक्षेला बसवायचं आणि मग पेपर कोरा सोडला म्हणून नापास करायचं! तो काय प्रयोगशाळेतला उंदीर आहे का? प्रार्थनेत भाव लागतो. यादीतलं नाव वाचून केलेल्या प्रार्थनेत भाव कुठून येणार?

खुंटी

अबोलीताई, म्हणजे संशोधक हिशेब ठेवतायत म्हणून देवाने मदतीचा हात आखडता घेतला, आणि छाती उघडून पडलेल्या रुग्णांनी ते भोगलं? तुमचा हा बचाव देवाला आरोपापेक्षा महाग पडतोय.

निवांत

खुंटी, दंडवत घ्या.

अबोली

थट्टा करायची असेल तर चालू द्या. मी वाचनमात्र.

प्रमेय

थट्टा बाजूला ठेवून एक प्रश्न तळटीप यांना. निसर्गाचे नियम उद्याही हेच असतील, याला तुमच्याकडे पुरावा काय? "आजवर तसंच झालं" हे उत्तर चालणार नाही, कारण आजवर झालं म्हणून उद्या होईल, हेच तर सिद्ध करायचंय. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्ववेत्त्याने हे अठराव्या शतकात दाखवलं आणि त्यावर सर्वांना पटेल असं उत्तर आजही नाही. ह्यूम काही धर्माचा वकील नव्हता. म्हणजे विज्ञानाच्या मुळाशीही एक सिद्ध न झालेला विश्वासच आहे. मग माझी श्रद्धा ती श्रद्धा आणि तुमची मात्र बुद्धी, असं का?

दुसरं, तुमचा ल व्हेरिए १८७७ मध्ये वारला, तेव्हाही व्हल्कन आहे असंच म्हणत होता. वैज्ञानिक किती सहजपणे मत बदलतात ते दिसलंच.

तळटीप

दुसरा मुद्दा आधी घेतो कारण तो मला फार आवडला. हो, ल व्हेरिए हटला नाही. वैज्ञानिकही माणसंच, हट्टी, मानी, आपल्या नावाला जपणारी. पण त्याच्या हट्टाने व्हल्कन टिकला नाही. त्याच्या नावाला मान देऊनही लोक ग्रहणाच्या वेळी फोटोंच्या काचा तपासत राहिले आणि काचांवर काही आलं नाही. नेपच्यून ल व्हेरिएने सांगितला म्हणून खरा नव्हता, हे व्हल्कनमुळे कळतं. प्रेषित, गुरू किंवा ग्रंथ चुकला असं त्या त्या पंथातच ठरवायची अशी राजरोस पद्धत कुठे आहे, ते दाखवा.

आता ह्यूम. उद्याही नियम तेच राहतील हे मी धरून चालतो, बरोबर. पण तुम्हीही धरूनच चालता. जिना उतरताना पायरी पायाखाली येईल असं आस्तिकही मानतो. हा विश्वास आपल्या दोघांत सामाईक आहे. तुम्ही त्याच्यावर आणखी एक मांडता: या सगळ्यामागे कोणीतरी आहे, त्याला अमुक आवडतं, तमुक आवडत नाही. पाया सगळ्यांचाच थोडा कच्चा आहे म्हणून त्यावर हवे तेवढे मजले चढवायला परवानगी मिळत नाही.

प्रमेय

सामाईक आहे हे मान्य. पण मग "पुराव्याशिवाय काहीही मानू नये" हे तत्त्व तुम्हीही पाळत नाही, एवढं तरी मान्य करा.

तळटीप

काहीही मानू नये असं मी म्हटलेलंच नाही. जे मानतोय ते खोटं निघालं तर कळावं अशी सोय ठेवा, एवढंच म्हणतोय. उद्या नियम बदलले तर मला दुपारपर्यंत कळेल.

एकतारी

हा श्रद्धा विरुद्ध बुद्धी वादच मुळात पश्चिमेचा. चर्चने लोकांना जाळलं, म्हणून तिथे बुद्धिवाद्यांना बंड करावं लागलं. आपल्या परंपरेत असा संघर्ष नव्हता. उगाच उसनी भांडणं आणू नका.

जुनी_पोथी

एकतारी, माफ करा, पण आपल्याकडे हे भांडण हजार-दीड हजार वर्षं चाललंय आणि फार तिखट चाललंय.

नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, म्हणत, घट दिसला की कुंभार मानावा लागतो, तसं जग हे कार्य आहे तर त्याचा कर्ता हवा. त्यांच्यातल्याच दहाव्या शतकातल्या उदयनाचा ईश्वरासाठीचा पहिला युक्तिवाद तोच: कार्य आहे म्हणून. यावर बौद्ध धर्मकीर्तीचं उत्तर त्याआधीच देऊन झालेलं होतं. वारूळही मातीचंच असतं आणि त्यालाही आकार असतो, मग तेही कुंभाराने केलं म्हणणार का? म्हणजे नुसत्या "मातीला आकार आहे" यावरून कुंभार मिळत नाही. कुंभाराला तशी वस्तू घडवताना आपण पाहिलेलं असतं, म्हणून मिळतो. जग घडताना कोणी पाहिलंय?

आणि कुमारिल भट्ट तर वेदांचा कट्टर रक्षक. त्याला नास्तिक म्हणायची कोणाची छाती नाही. तरी तो विचारतो, ईश्वराने करुणेपोटी सृष्टी केली म्हणता, पण सृष्टीच्या आधी करुणा करायला होतं कोण? दुःख भोगणारे जीवच नव्हते. बरं, हेतूच नव्हता म्हणावं तर मंदबुद्धी माणूसही प्रयोजनाशिवाय काही करत नाही. कुमारिलासारख्या मीमांसकांना, म्हणजे वेदातल्या यज्ञकर्माचा अर्थ लावणाऱ्या पंडितांना, यज्ञ हवा होता, वेद हवा होता, पण जगाचा कर्ता ईश्वर त्यांनी नाकारला. जैनांनीही नाकारला. चार्वाकांचं तर विचारूच नका. त्यांचे ग्रंथ जवळजवळ सगळे गेले, त्यांची मतं आपल्याला बहुतेक विरोधकांच्या तोंडूनच कळतात.

तेव्हा उसनं काही नाही. हे घरचंच भांडण आहे.

अवांतर: तळटीप, तुम्ही खूश होऊ नका. हाच कुमारिल तुम्हाला शब्दप्रमाणावरून (म्हणजे वेदवचन हाच पुरावा यावरून) पुरता झोडपून काढेल. वेद कोणी रचलेलाच नाही म्हणून तो चुकूच शकत नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे.

तळटीप

झोडपू दे. लेखक नसला म्हणजे चूक नसते, तर निनावी फॉरवर्ड सगळ्यांत प्रमाण ठरतील. (हलके घ्या.)

एकतारी

माहितीबद्दल आभार, जुनी_पोथी. पण बघा, तर्काने देव मिळत नाही हे तर संतही सांगत आलेत. तो अनुभवायचा विषय आहे. ज्याला तो अनुभव आला त्याला पुरावा विचारणं म्हणजे पोहणाऱ्याला पाण्याचा पुरावा मागणं. नामस्मरणात एक वेळ अशी येते की "मी" उरतच नाही. तुम्हाला ते आलं नसेल, म्हणून ते नाही असं कसं म्हणता?

स्टेथो

तुम्हाला तो अनुभव आला याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. प्रश्न त्याच्या कारणाचा आहे.

एक उदाहरण देतो. झोपेतून अर्धवट जाग येते, शरीर हलत नाही, छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटतं, खोलीत कोणाची तरी चाहूल लागते. जगभर माणसांना हे होतं. कुठे त्याला चेटकीण म्हणतात, कुठे भूत, कुठे जिन, अलीकडे कुठे परग्रहवासी. अनुभव एकच आणि खरा. त्याचं नाव मात्र ज्या त्या समाजात आधीच तयार असतं. स्वप्नाच्या झोपेत स्नायू ढिले ठेवणारी यंत्रणा जाग आल्यावरही काही क्षण चालू राहते, म्हणून हे होतं.

"मी" विरघळण्याचा अनुभव सूफींना येतो, ख्रिस्ती साधूंना येतो, देव न मानणाऱ्या बौद्ध भिक्षूंनाही येतो. प्रत्येक जण त्यातून आपापल्या शिकवणीचीच खात्री करून घेतो. एकाच अनुभवातून परस्परविरोधी निष्कर्ष निघत असतील तर तो अनुभव त्यातल्या कुठल्याच निष्कर्षाचा पुरावा होत नाही. त्याने शांती मिळते, हे वेगळं. शांती मिळते, हे मी मानतो.

एकतारी

किंवा सगळ्यांना एकच सत्य भेटतंय आणि नावं वेगळी आहेत.

स्टेथो

मग चेटकीण, जिन आणि परग्रहवासी हेही एकाच सत्याचं दर्शन म्हणायचं का?

वाकडी_वाट

स्टालिन आणि माओ नास्तिक होते. बुद्धीच्या राज्यात किती माणसं मेली तेही सांगा जरा.

तळटीप

होते. आणि स्टालिनच्या काळात जनुकशास्त्र शिकवणाऱ्यांना तुरुंगात घातलं, कारण जनुकशास्त्र नाकारणाऱ्या लिसेंको या शेतीतज्ज्ञाची विद्या कम्युनिस्ट पक्षाला सोयीची होती. निकोलाय वाव्हिलोव्हसारखा वनस्पतिशास्त्रज्ञ १९४३ मध्ये तुरुंगात उपासमारीने मेला. खोटा ठरूच न शकणारा सिद्धांत आणि प्रश्न विचारणाऱ्याला शिक्षा. मी नेमक्या याच्याच विरोधात लिहितोय, त्यात देव असो वा नसो.

सांजवेळ

सगळं वाचलं. आता उलटा प्रश्न. तुमचं मत कशाने बदलेल? की तेही काही झालं तरी बदलणारच नाही?

तळटीप

रास्त प्रश्न. विचार करून लिहितो.

स्टेथोंनी सांगितली तशी चाचणी पुन्हा व्हावी. एका विशिष्ट देवाच्या प्रार्थनेने रुग्ण ठळकपणे जास्त बरे व्हावेत, इतरांच्या प्रार्थनेने नाही, आणि हे तीन-चार वेगळ्या गटांनी, त्यात माझ्यासारखे संशयी असलेल्यांनीही, करून बघावं. तेवढ्याने मी हादरेन.

किंवा एखाद्या जुन्या धर्मग्रंथात असं एखादं वाक्य असावं जे त्या काळच्या माणसाला कळणं शक्यच नव्हतं, आणि जे शोध लागायच्या आधीच लोकांनी वाचून वापरलं. शोध लागल्यावर ओढूनताणून काढलेला अर्थ नको. व्हिएन्नात १८४७ च्या एप्रिलमध्ये सेमेलवाइस या डॉक्टरच्या प्रसूतिकक्षात दाखल झालेल्या १०० बाळंतिणींपैकी १८ मरत होत्या. शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांना त्याने क्लोरिनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि जूनपर्यंत तो आकडा २ च्या आसपास आला. "सुईणीने आणि वैद्याने राखेने हात घासून, उकळलेल्या पाण्याने धुवावेत, कारण डोळ्यांना न दिसणारे जीव ताप आणतात," एवढी एक ओळ कुठल्याही ग्रंथात स्वच्छ लिहिलेली असती, तर किती बायका वाचल्या असत्या. विधिनिषेधांची पानंच्या पानं आहेत. ही ओळ मला कुठे सापडली नाही.

जुनी_पोथी

शुद्धीचे नियम ढीगभर आहेत की, हात धुण्याचेही.

तळटीप

आहेत, आणि बाळंतिणीला विटाळ धरून दूर बसवण्याचेही आहेत. त्यातले कुठले उपयोगी आणि कुठले नुसता छळ, हे ग्रंथ सांगत नाही. ते मोजूनच कळलं.

सांजवेळ

तुम्ही सरळ उत्तर दिलंत, मीही देते. माझं मत कशानेही बदलणार नाही. वडील आजारी होते तेव्हा मी रात्रंदिवस प्रार्थना केली. ते गेले. तेव्हाही बदललं नाही. तुमच्या व्याख्येने ही माहिती नसलेली श्रद्धा झाली, तर होऊ दे. त्या दिवसांत मला जगाविषयी माहिती नको होती, उभं राहायला काहीतरी हवं होतं.

तळटीप

सांजवेळ, यावर मी वाद घालणार नाही. ज्याने तुम्हाला उभं ठेवलं ते काढून घ्यायचा मला हक्कही नाही आणि हौसही नाही. पण "मला आधार मिळाला" या खऱ्या वाक्यावरून "तो आहे" हे वाक्य निघत नाही. तुम्ही दोन्हींत गल्लत करत नाही, निदान या प्रतिसादात तरी. बहुतेक जण करतात.

माझी हरकत सुरू होते ती श्रद्धेचा निर्णय दुसऱ्याच्या अंगावर पडतो तेव्हा. जेहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाचे लोक उपचारात दुसऱ्याचं रक्त घेत नाहीत. प्रौढ माणसाने नाकारलं तर डॉक्टर हात जोडून समजावतात आणि शेवटी ऐकतात. लहान मुलाच्या बाबतीत ब्रिटन-अमेरिकेतली न्यायालयं आईवडिलांना डावलून रक्त द्यायचा आदेश देतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्येच एका निकालात म्हटलंय की आईवडिलांना स्वतः हुतात्मा व्हायचं स्वातंत्र्य असेल, पण मुलांना हुतात्मा करायचं नाही. ते प्रकरण उपचारांचं नव्हतं, पण तत्त्व लागू पडतं.

सांजवेळ

मुलांबाबत शंभर टक्के मान्य. माझ्या मुलीला रक्त लागलं तर मी आधी सही करेन, प्रार्थना नंतर.

खुंटी

इथे मी तळटीप यांच्याशीच भांडणार. प्रौढ माणसाचा नकार तुम्ही फार सहज मान्य केलात. तो प्रौढ लहानपणापासून एकच गोष्ट ऐकत वाढला, प्रश्न विचारला की पाप लागेल असं त्याला सांगितलं गेलं, पंथ सोडला तर घरचे बोलायचे बंद होतील हे त्याने डोळ्यांनी पाहिलंय. त्याचा नकार त्याचा स्वतःचा किती?

तळटीप

त्याचा किती हे मी बाहेरून ठरवायला लागलो तर मीही एक पंथच काढला म्हणायचा. डॉक्टरने त्याला एकट्याला, घरचे आणि पंथाचे लोक बाहेर पाठवून, पुन्हा एकदा विचारावं. तेव्हाही नाही म्हणाला तर नाही.

स्टेथो

आम्ही डॉक्टर असंच करतो. खोलीत कोणी नसताना उत्तर बदललेलं मी पाहिलंय. न बदललेलंही पाहिलंय.